पावसाळी बंदीपूर्वी होडीचे इंजिन : दोष कसे ओळखावेत, साठवण कशी करावी

गोव्यात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद राहते. मासळीच्या प्रजननाचा हा काळ असून समुद्रही खवळलेला असतो. मालीम, कुटबण, शापोरा, वास्कोतील खारीवाडा या जेटींवर मे महिन्याच्या अखेरीस ट्रॉलर ओळीने नांगरून पडतात. ओडिशा, झारखंड, कर्नाटक येथील खलाशी गावी परततात, जाळी उतरवली जातात आणि इंजिनांना विश्रांती मिळते. ही विश्रांती मात्र दिसते तितकी निरुपद्रवी नसते. चालत्या इंजिनापेक्षा उभ्या इंजिनाचा नाश अधिक झपाट्याने होतो, हा किनाऱ्यावरील प्रत्येक जुन्या फिटरचा अनुभव आहे.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात इंजिन जे छोटे त्रास देऊ लागते, त्यांकडे 'आता बंदच करायचे आहे' म्हणून दुर्लक्ष होते. गिअरच्या तेलात शिरलेले थोडे पाणी, कार्ब्युरेटरमध्ये साचलेला चिकट थर, बारीक झालेली थंड पाण्याची धार हे मे महिन्यातील किरकोळ दोष दोन महिन्यांच्या ओलाव्यात गंजलेले बेअरिंग, बंद पडलेले जेट आणि जाम झालेले पिस्टन बनून ऑगस्टमध्ये समोर येतात. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात होडी किनाऱ्यावर अडकली तर वर्षातील मोलाची कमाई जाते, आणि इंजिन नदीच्या मुखाशी, फुटणाऱ्या लाटांत बंद पडले तर जिवावर बेतते. म्हणूनच साठवणीची तयारी ही आधी तपासणी आणि मग साठवण अशा दोन टप्प्यांत, इंजिन चालू स्थितीत असतानाच सुरू करावी लागते.

माहितीपुस्तिकेतील 'हिवाळा' आणि येथील पावसाळा

बहुतेक आउटबोर्ड इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत हिवाळी साठवणीचे एक प्रकरण असते. ही पुस्तके प्रामुख्याने उत्तर अमेरिका, युरोप आणि जपानमधील वापर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. तेथे मुख्य धोका गोठण्याचा असतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि इंजिनाच्या आत राहिलेले पाणी लोखंडी ब्लॉकलाही तडा देऊ शकते. त्यासाठी तेथे इंजिनात न गोठणारे द्रव भरतात.

गोव्यात आणि कोकण किनाऱ्यावर गोठण्याचा प्रश्न नाही. येथील शत्रू तीन आहेत : मीठ, दमट हवा आणि उष्णता. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. मीठ हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे इंजिनात किंवा तारांच्या जोडांवर राहिलेला मिठाचा थर पावसाळ्यात कधीच कोरडा होत नाही आणि धातू सतत खात राहतो. पुस्तिकेतील इंधन, तेल, ग्रीस आणि बॅटरीविषयीच्या सूचना येथे जशाच्या तशा लागू पडतात. न गोठणाऱ्या द्रवाऐवजी मात्र येथे गोड्या पाण्याने धुणे आणि वारा खेळता ठेवणे यांना पहिले स्थान द्यावे लागते.

शेवटची फेरी हीच तपासणीची फेरी

बंदीपूर्वीच्या शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत इंजिनाच्या वर्तनाची नोंद ठेवावी. थंड इंजिन किती झटक्यांत सुरू होते, सावकाश गतीवर ते स्थिर राहते का, पूर्ण वेग दिल्यावर अडखळते का, किती वेळाने तापते, धुराचा रंग कोणता, नवा आवाज किंवा कंप कोणत्या वेगावर येतो, या गोष्टी वहीत लिहून ठेवल्या तर मेकॅनिकचे अर्धे काम होते. इंजिन एकदा खोलून ठेवले की ही लक्षणे पुन्हा पाहता येत नाहीत.

आउटबोर्ड इंजिन : थंड पाण्याची धार

आउटबोर्ड इंजिन समुद्राचे किंवा नदीचे पाणी खेचून स्वतःला थंड ठेवते. हे पाणी फिरत असल्याची खूण म्हणजे इंजिनाच्या मागील बाजूने पडणारी बारीक धार. ती मंदावली की इंजिन लगेच बंद करावे.

धार मंदावण्याची कारणे सोप्याकडून कठीणाकडे तपासत जावी. प्रथम धार पडते ते छिद्र पाहावे. मीठ किंवा वाळूच्या कणाने ते बुजलेले असते. जाड नायलॉन दोरीचा तुकडा आत सारल्यास ते बहुधा मोकळे होते. लोखंडी तार वापरल्यास नळीला इजा होण्याची भीती असते. त्यानंतर खालच्या भागातील पाणी शोषणारी जाळी पाहावी. प्लॅस्टिकची पिशवी, जाळ्याचा धागा किंवा शेवाळ तेथे अडकलेले असू शकते.

दोन्ही ठीक असूनही धार बारीकच राहिली तर पाण्याचा पंप उघडावा लागतो. त्यात इंपेलर नावाचे रबरी पात्यांचे चक्र असते. नदीमुखातील गाळ आणि वाळू यांमुळे पाती झिजतात. इंजिन पाण्याबाहेर काही क्षण जरी कोरडे चालवले तरी ती जळतात. दीर्घकाळ उभ्या इंजिनात एकाच स्थितीत वाकलेली पाती तशीच कडक होतात. म्हणून जुने इंपेलर बंदीपूर्वी काढून पाहावे आणि नवे हंगाम सुरू होताना बसवावे. पाते तुटलेले आढळले तर त्याचा प्रत्येक तुकडा शोधणे आवश्यक आहे. पाण्याच्या मार्गात राहिलेला तुकडा नवे इंपेलर बसवल्यानंतरही इंजिन तापवत राहतो.

धार जोरात असूनही इंजिन तापत असेल तर संशय थर्मोस्टॅटवर जातो. तो बंद स्थितीत अडकला तर इंजिन तापते. उघड्या स्थितीत अडकला तर ते नेहमीच थंड राहते, प्लग काळे पडतात आणि सावकाश गतीवर इंजिन थरथरते. तपासणी सोपी आहे. थर्मोस्टॅट दोरीने पाण्याच्या भांड्यात टांगून पाणी तापवावे. अनेक आउटबोर्ड इंजिनांत तो सुमारे ५० ते ६० अंश सेल्सिअसला उघडतो. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. पाणी उकळू लागले तरी तो हलला नाही तर बदलण्यावाचून पर्याय नाही.

इंधनाचे दोष

इंजिन सुरू होते, थोडे चालते आणि बंद पडते, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार होय. तिचे मूळ बहुधा इंधनाच्या मार्गात असते. तपासणी टाकीपासून इंजिनाकडे करत जावी.

टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिला असेल तर टाकीत पोकळी निर्माण होते आणि इंधन येणे थांबते. अशा वेळी नळीवरील रबरी पंप चपटा होतो. तो चपटा झाल्याचे दिसले की अडथळा टाकीच्या बाजूला आहे असे समजावे. उलट कितीही दाबला तरी पंप कडक होत नसेल तर नळीत कोठेतरी हवा शिरते आहे, किंवा पंपातील झडप निकामी झाली आहे. इंजिन मरू लागताच हा पंप दाबल्यावर ते पुन्हा चालत असेल, तर इंजिनावरील इंधन पंप किंवा नळीचे जोड तपासावे.

पेट्रोलात पाणी आहे का, हे पाहण्यासाठी टाकीच्या तळातील थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी असल्यास तळाशी वेगळा थर दिसतो. ही तपासणी आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे. २०२५ पासून देशभरातील पंपांवर सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलाव्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी बसतात. इंधन खेचणारी नळी नेमकी तळाशीच असते. एकदा वेगळे झालेले पेट्रोल कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. जुन्या इंजिनांतील रबरी नळ्या आणि वायसरही इथेनॉलमुळे फुगतात किंवा चिरतात. दाबल्यावर मऊ किंवा चिकट लागणारी नळी बदलून टाकावी.

यावरून साठवणीचा नियम निघतो : पेट्रोलची टाकी दोन महिने भरून ठेवू नये. उरलेले पेट्रोल वेळीच वापरून टाकावे. थोडे शिल्लक राहणारच असेल तर त्यात योग्य प्रमाणात इंधन टिकवणारे रसायन मिसळून इंजिन दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते. मग इंधनाची नळी काढून, सावकाश गतीवर, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे आणि कार्ब्युरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू सैल करून राहिलेले थेंब काढून टाकावेत. पेट्रोलमध्येच तेल मिसळणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात इंधन संपताच तेलही संपते. तेथे वेग वाढवू नये आणि इंजिन अडखळू लागताच ते बंद करावे. खराब झालेले पेट्रोल नदीत किंवा जमिनीवर ओतू नये.

प्लग काय सांगतो

स्पार्क प्लग काढून त्यांच्या टोकाचा रंग पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी होय. प्लग कोणत्या सिलिंडरचा आहे याची खूण करून ते क्रमाने मांडावेत. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक हे निरोगी इंजिनाचे लक्षण. कोरडी काजळी असेल तर इंधन अधिक, हवा कमी किंवा इंजिन फार थंड चालते. ओलसर काळेपणा तेलाकडे किंवा न पेटलेल्या इंधनाकडे बोट दाखवतो. पांढरे पडलेले, फोड आलेले टोक अतिउष्णतेची सूचना देते. तेथे पाण्याची धार आणि इंधनाचा पुरवठा दोन्ही पाहावे. टोकावर पाण्याचे थेंब किंवा गंज आढळला तर सिलिंडरमध्ये पाणी शिरत आहे. हेड गॅस्केट तपासल्याविना असे इंजिन ठेवून देणे म्हणजे ते गमावण्याची तयारी करणे होय.

सर्व प्लग चांगले असूनही ठिणगी येत नसेल तर प्रथम आपत्कालीन बंद-कळीची दोरी जागेवर आहे का ते पाहावे. अनेक तास वाया घालवणारा दोष बहुधा तेवढाच असतो. त्यानंतर कॉइलचे आणि अर्थिंगचे जोड पाहावेत. हिरवट-पांढरा थर चढलेला जोड घासून स्वच्छ करावा आणि त्यावर ओलावा रोखणारा फवारा मारावा.

सिलिंडरमधील दाबही याच वेळी मोजून ठेवावा. इंजिन कोमट असताना सर्व प्लग काढून, त्यांच्या तारा अर्थ करून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून मापकाने दाब घ्यावा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा असतो. तो दहा टक्क्यांहून बराच अधिक असेल तर कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास दोष गॅस्केटमध्ये, किंवा फोर-स्ट्रोक इंजिनात झडपांमध्ये असू शकतो.

गिअरचे तेल आणि पंखा

रात्रभर उभ्या ठेवलेल्या इंजिनाच्या खालच्या भागातील स्क्रू सकाळी सैल केला की तळाशी बसलेले पाणी आधी बाहेर येते. तेल दुधासारखे पांढुरके निघाले तर सील गळत आहे. अनेकदा यामागे मासेमारीचाच धागा असतो. पंख्याच्या मागे दांड्याभोवती गुंडाळला गेलेला नायलॉनचा धागा हळूहळू सील कापतो. म्हणून बंदीपूर्वी पंखा काढून तेथील धागे पूर्णपणे काढावेत. स्क्रूच्या चुंबकावर राखाडी लेप असणे स्वाभाविक आहे. धातूचे ठळक तुकडे मात्र गिअरचे दात तुटल्याची खूण असतात.

पाणी शिरलेले तेल दोन महिने तसेच राहिल्यास बेअरिंग आणि गिअर गंजतात. सील बदलून नवे तेल नेहमी खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे. त्यामुळे आत हवा अडकत नाही. स्क्रूचे वायसर नवे घालावेत.

इंजिनाचा आवाज चढतो पण होडीला जोर येत नाही, अशी तक्रार असेल तर पंख्याच्या आतील रबरी बूश घसरत असण्याचा संभव आहे. आतील नळी आणि पंखा यांवर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारावी. फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर निदान पक्के झाले. लहान इंजिनांत पंख्याची पिन तुटली की हेच लक्षण दिसते.

धुणे, तेल आणि ठेवण्याची पद्धत

दोष दूर झाल्यावर धुण्याचे काम हाती घ्यावे. स्वच्छ गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपात, पाणी शोषणाऱ्या छिद्रांच्या बऱ्याच वर पातळी ठेवून, इंजिन सावकाश गतीवर दहा ते पंधरा मिनिटे चालवावे. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आतील सर्व मार्ग धुतले जात नाहीत, म्हणून दोन मिनिटांचे धुणे पुरत नाही. पिंपातील पाणी खारट होताच बदलावे. हे काम उघड्यावर करावे. बंद खोलीत धुराने गुदमरण्याचा धोका असतो. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा.

यानंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये साठवणीचे तेल फवारावे आणि दोरीने इंजिन काही वेळा सावकाश फिरवावे. फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल ते गरम असतानाच बदलावे. वापरलेल्या तेलातील आम्ल आणि काजळी उभ्या इंजिनाचे बेअरिंग खातात. तेलाची पातळी आपोआप वाढलेली आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन तेलात मिसळते आहे. असे इंजिन मेकॅनिकला दाखवूनच ठेवावे.

झिंकचे तुकडे निम्म्याहून अधिक झिजले असल्यास बदलावेत. त्यांवर रंग कधीही लावू नये, कारण इतर धातूंऐवजी स्वतः झिजणे हेच त्यांचे काम असून रंगामुळे ते थांबते. ग्रीसच्या सर्व निपलांत जुने, खारट ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. इंजिन उभेच टांगावे, म्हणजे आतील पाणी निथळते. आडवे ठेवणे भागच असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या बाजूवरच ठेवावे. फोर-स्ट्रोक इंजिन चुकीच्या कुशीवर ठेवल्यास तेल सिलिंडरमध्ये उतरते. प्लॅस्टिकच्या कागदात ते घट्ट गुंडाळू नये. आत घाम साचतो आणि उघड्यावर राहिलेल्या इंजिनापेक्षाही ते लवकर गंजते. सुती कापड झाकून, छपराखाली, वारा लागेल असे ठेवावे.

ट्रॉलरचे डिझेल इंजिन

ट्रॉलर सहसा पाण्यातच उभे राहतात, त्यामुळे तेथे प्रश्न वेगळे असतात. धुराचा रंग हे पहिले लक्षण. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार अधिक : एअर फिल्टर, इंजेक्टर आणि तळाला चढलेले शिंपले तपासावेत. निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर एक तर डिझेल नीट पेटत नाही, नाही तर सिलिंडरमध्ये पाणी येते आहे. रेडिएटरच्या पाण्याची पातळी कमी होत असेल तर दुसरे कारण अधिक संभवते.

डिझेलची टाकी पेट्रोलच्या उलट जवळजवळ काठोकाठ भरून ठेवावी. रिकाम्या जागेतील दमट हवेचे पाणी होऊन ते तळाशी बसते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि काळा, चिकट गाळ तयार होतो. शांत नदीत हा गाळ तळाशी पडून राहतो. ऑगस्टमधील पहिल्या मोठ्या लाटेत तो ढवळला जातो, फिल्टर भरतो आणि इंजिन नेमके नदीमुखाबाहेर बंद पडते. यासाठी टाकीच्या तळाचे पाणी आणि गाळ बंदीपूर्वीच काढावा, पाणी वेगळे करणारा फिल्टर रिकामा करावा आणि नव्या फिल्टरची एक जोडी जादा ठेवावी. फिल्टर बदलल्यावर मार्गातील हवा काढण्याचे तंत्र इंजिनाजवळ काम करणाऱ्या प्रत्येक खलाशाला अवगत असावे.

समुद्राचे पाणी घेणारी जाळी साफ करून, पाण्याची झडप बंद करून, त्या मार्गातील खारे पाणी काढून टाकावे आणि गोडे पाणी फिरवावे. झडप बंद केल्याची चिठ्ठी इंजिनाच्या चावीला बांधावी. ती विसरून इंजिन सुरू केल्यास पंप काही क्षणांत जळतो. धूर समुद्राच्या पाण्यात मिसळून बाहेर टाकणाऱ्या इंजिनात आणखी एक धोका असतो. इंजिन सुरू होत नसताना वारंवार स्टार्टर मारत राहिल्यास पाणी साचून सिलिंडरमध्ये परतते आणि रॉड वाकतो. काही प्रयत्नांनंतर थांबून कारण शोधावे.

पंख्याच्या दांड्याजवळील ग्लँडमधून चालत्या स्थितीत थोडे थेंब पडणे अपेक्षित असते. बंदीत ते थांबवण्यासाठी ग्लँड आवळला तर सुरू करण्यापूर्वी सैल करण्याची नोंद ठेवावी, अन्यथा दांडा तापतो. पावसाचे पाणी उपसणारा पंप मात्र पूर्ण बंदीभर चालू राहिला पाहिजे. म्हणून त्याची बॅटरी वेगळी ठेवून तिच्यावर लक्ष ठेवावे.

इतर बॅटऱ्या काढून, चार्ज करून, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवाव्यात. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली येताच पुन्हा चार्ज करावी. उष्ण हवेत बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे महिन्यातून एकदा मोजणे आवश्यक आहे.

दर आठवड्याला सुरू करावे का?

बंदीत अधूनमधून पाच मिनिटे इंजिन सुरू करण्याची पद्धत किनाऱ्यावर रूढ आहे. तिचा हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो. पाच मिनिटांत इंजिन पुरेसे तापत नाही, ज्वलनातून निर्माण झालेले पाणी आतच राहते आणि साठवणीसाठी फवारलेले तेल धुऊन निघते. त्याऐवजी इंजिन हाताने काही फेरे फिरवावे. पिस्टन जागा बदलतो आणि तेलाचा थर टिकतो. इंजिन सुरू करायचेच असेल तर पूर्ण तापेपर्यंत, थोड्या भाराखाली चालवावे.

इंजिन पाण्यात बुडाल्यास

पावसाळ्यात पाण्याने भरून किनाऱ्याजवळ होडी बुडण्याचे प्रकार घडतात. बुडालेले इंजिन बाहेर काढले की खरा नाश सुरू होतो, कारण तेव्हाच हवा लागते. ते ताबडतोब गोड्या पाण्याने धुवावे, प्लग काढून छिद्रे खाली करून पाणी काढावे, सिलिंडरमध्ये तेल घालून हाताने फिरवावे, तेल आणि इंधन बदलावे आणि काही तासांच्या आत सुरू करून गरम करावे. मेकॅनिक लगेच मिळणार नसेल तर इंजिन उघड्यावर न ठेवता गोड्या पाण्यात बुडवून ठेवणे हिताचे ठरते. चालू असताना बुडालेले इंजिन मात्र फिरवून पाहू नये. आतील रॉड वाकला असण्याची शक्यता असते.

ऑगस्टपूर्वीचे दहा दिवस

इंजिन ३१ जुलैच्या संध्याकाळी उघडले तर सुटा भाग मिळण्यास वेळ उरत नाही. शेवटचे दहा दिवस पुढील क्रमाने वापरावेत.

- नोंदवही काढून मे महिन्यातील प्रत्येक तक्रारीचे निराकरण झाले का ते तपासणे.
- ताजे इंधन, नवे फिल्टर, नवे इंपेलर; नळ्यांचे आणि क्लिपांचे जोड घट्ट करणे.
- तेलाची पातळी आणि रंग पाहणे. दुधाळ दिसल्यास सुरू न करणे.
- बॅटरी बसवून जोड साफ करणे. पाण्याची झडप उघडणे. ग्लँड सैल करणे.
- इंजिन हाताने फिरवून मगच स्टार्टर देणे; साठवणीच्या तेलामुळे सुरुवातीला धूर येणे स्वाभाविक आहे.
- नदीतच किमान अर्धा तास चालवून धार, तापमान, धूर आणि गळती पाहणे. त्यानंतर जुने प्लग बदलणे.

नदीतील ही चाचणी टाळू नये. मांडवीच्या मुखाशी पावसाळ्यात आग्वादचा वाळूचा बांध तयार होतो आणि तेथे लाटा फुटतात. या काळात खनिजवाहू बार्जनाही मुखाचा मार्ग सोडून कुंभारजुवे कालव्याचा आश्रय घ्यावा लागत असे. अशा ठिकाणी बंद पडलेली होडी काही मिनिटांत आडवी होते. नांगर हाताशी, दोरी मोकळी, जादा प्लग व फिल्टर कोरड्या डब्यात आणि जीवनरक्षक जाकिटे अंगावर असल्याखेरीज पहिली फेरी करू नये. समुद्राने अनुमती दिलेली नसेल तर तारीख उलटली म्हणून बाहेर पडण्याची घाई करू नये. इंजिन नीट ठेवले असेल तर ते आणखी चार दिवस थांबू शकते.